मानाप्रमाणे गिटार

आमच्या बाबांची वकिली अकोल्यात बरी चालायची, पण त्यांचा जीव अडकला होता तो मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या गिटारीत. आपलं वाजवणं रेडिओवर लागावं, एवढीच त्यांची इच्छा. नागपूरला चाचणीला जाऊन ते हात हलवत परत आले होते, कारण ऐन वेळी बोटं थरथरली. कोर्टात न्यायाधीशाला न जुमानणारा हा माणूस काचेपलीकडे बसलेल्या साहेबाला घाबरायचा.

साठच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात रेडिओवरचे एक साहेब लग्नासाठी अकोल्यात येणार होते. ते आमच्याकडे चहाला यायला कबूल झाले. बाबांनी ठरवलं, समोर वाजवायचंच नाही, टेप ऐकवायची. आणि तीही भरगच्च, चार गिटारींची. घरात गिटार एकच होती, हौशी मात्र चार: बाबा, अमरावतीचे जावई, दादा आणि मी.

एक टेपरेकॉर्डर आमचा होता. दुसरा जावयांनी बडनेऱ्याला गाडी बदलून मांडीवरून आणला, आणि पुढचे दोन दिवस सगळ्यांना आपली मांडी किती दुखते ते सांगितलं. रीत सोपी होती. पहिल्याचं वाजवणं एका यंत्रात भरायचं. मग ते यंत्र वाजवायचं, त्याच्या साथीने दुसऱ्याने वाजवायचं आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रात भरायचं. पुन्हा उलट. दर खेपेला जुनी गिटार खाली दबायची, वर खरखर चढायची. शेवटी वाजवणाराच तेवढा स्वच्छ ऐकू यायचा.

हे सगळ्यांना कळत होतं. पण सुरुवात कोणी करायची, हा आमच्याकडे आवाजाचा प्रश्न नव्हताच, मानाचा होता. पहिले घरातला मोठा माणूस. त्याच्यामागे जावई. मग मुलगा. उरलेल्या जागेत मुलगी. पंगतीत हाच क्रम, फोटोत हाच, मग गिटारीत वेगळा कसा असेल?

दारं-खिडक्यांना सतरंज्या लावल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद केला आणि अकोल्याच्या त्या उन्हाळ्यात आम्ही संगीतासाठी उकडून निघालो. हल्ली लोक बटणं सरकवून आवाज जुळवतात म्हणे. आम्ही खुर्च्या सरकवायचो. जोरात वाजवणाऱ्याला माइकपासून लांब बसवायचं, इतकंच. पण जावयाला मागे सरका म्हणायची कोणाची छाती? ते माइकला नाक लावून बसले आणि बाबांच्या धुनीवर मनसोक्त घसरले. दादाने त्यावर आपलं दडपलं. शेवटी मी नुसता ठेका धरला.

तयार टेप सगळ्यांनी ऐकली. प्रत्येकाने फक्त स्वतःला ऐकलं आणि प्रत्येकजण खूश झाला. बाबांना आपली धून पाठच होती, त्यामुळे ती त्यांना खरखरीतूनही ऐकू येत होती.

साहेब आले. चिवडा खात त्यांनी टेप पूर्ण ऐकली. ठेका कोणाचा म्हणून विचारलं. मुलीचा म्हटल्यावर, छान धरते हो, म्हणाले. मग बाबांकडे वळून त्यांनी विचारलं, "आता तुमचं वाजवणं ऐकवता ना?"

"तेच तं ऐकून राहिले तुमी," बाबा म्हणाले.

मला साहेबांचा राग आला, जावयांचा त्याहून जास्त आला, आणि बाबांकडे तर बघवेना. साहेब भला माणूस होता. लग्न आटोपून जाताना पुन्हा येतो, म्हणाले.

ते गेल्यावर बाबांनी सतरंज्या परत लावायला सांगितल्या. मी सवयीने शेवटी बसायला मागे सरकले, तर त्यांनी गिटार माझ्याच मांडीवर आणून ठेवली.

"आज पहिले तू," ते म्हणाले. "मंग दादा, मंग जावईबापू. मी बसतो शेवटी."

सासऱ्याने टेपवर आपल्याला दादाच्याही पुढे आणलं म्हणून जावई फुलून गेले. दादा खिडकीवरच्या सतरंजीकडे पाहत राहिला. माझ्या लेखी त्या घरात मला पहिला मान मिळाला तो हाच, आणि तो कशासाठी मिळाला हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी नाही म्हटलं नाही. बाबांचे हात त्या दिवशी अजिबात थरथरत नव्हते.

साहेब पुन्हा आले. या खेपेला टेपवर बाबांची धून लख्ख वाजली. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला आणि नागपूरला यायचं आमंत्रण दिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, ते खोटं नव्हतं.

निघता निघता साहेबांना आठवलं. "अहो, मुलीचा ठेका या वेळी नाही घेतला का?"

"घेतला नं," बाबा म्हणाले. "सगळ्यात पहिले तिचाच घेतला."