मडमचा शब्द

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, सख्ख्या बहिणीजवळही नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? – मलाही ठाऊक नाही.

निजामाचं राज्य होतं. जालन्याच्या एका दवाखान्यात मी डॉक्टरीण मडमची दुभाषी होते. बायकांची दुखणी इंग्रजीत सांगायची, मडमचं बोलणं मराठीत. शिकले होते चारच बुकं – पण खेड्यातल्या बायका माझ्या तोंडाकडे बघत राहायच्या. खोटं कशाला बोलू? अंगावर मूठभर मांस चढायचं.

भोकरदनकडच्या एका गावाहून सासू आणि नवरा गिरजाला घेऊन आले. विशीतली पोर, पहिलं बाळ पाचवीच्या आत गेलेलं. तेव्हापासून ती पीठ मळता मळता थांबायची, विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतायची. मला एवढंच म्हणाली, "कायबी सुचंना, बाई. घर माझंच हाय, पर कशापायी उभी हाय तेच कळंना."

मडमनं तिचा हात हातात धरून ठेवला आणि मला म्हणाली – ही बिविल्डर्ड आहे. घरच्यांनी हिला जवळ करायला हवं.

तो शब्द मी कधी ऐकलाच नव्हता. मग विचारायचं नाही का? पण सासू समोर उभी होती. माझं इंग्रजी तोकडं आहे हे तिच्यादेखत कसं दाखवू? मी म्हणाले, "डोक्यावर परिणाम झालाय."

"म्हंजी – येडी?" सासू म्हणाली.

मी मान डोलावली. मडमचं पुढचं वाक्य मी सांगितलंच नाही.

आठ दिवसांनी बाटल्या धुताना मी सहज विचारल्यासारखा त्या शब्दाचा अर्थ विचारला. मडम हसली. म्हणाली – तू इथं पहिल्या दिवशी आलीस, काखेत गाठोडं, कुठल्या दारानं आत यावं तेही कळेना, पाणी हवं का विचारलं तर रडायला लागलीस – तशी.

भांबावलेली! एवढंच? म्हणजे मी ज्याला वेड म्हटलं, ते मला स्वतःला झालं होतं – आणि दोन दिवसांत गेलंही होतं!

गिरजाच्या गावची गाडी दर बाजारी दवाखान्यावरून जायची. एक निरोप पुरला असता. पण मग मडमला कळलं असतं. गाडी दिसली की मी आत जायची. आणि जेवायची, झोपायची – हे आठवलं की आजही माझा माझ्यावर विश्वास बसत नाही.

दिवाळीच्या आत त्यांनी गिरजाला पिंपळगावला भावाकडे नेऊन सोडलं. नवऱ्यानं दुसरी केली.

दोन वर्षांनी सासू त्या दुसरीला बाळंतपणाला घेऊन आली. मुलगा झाला. मी धीर करून गिरजाचं विचारलं.

"ती व्हय? गोठ्याजवळ पडून ऱ्हाती. गिरजा म्हणलं तर वळत न्हाई, येडे म्हणलं की वळती." मग माझे हात धरून म्हणाली, "बाई, तुमी येळेवर सांगितलं, म्हून माझ्या लेकाचा संसार बराबर झाला."

आणि ती माझी ओटी भरायला उठली. खण, नारळ, तांदूळ.

मी पदर पुढे केला. त्या खणाची चोळी शिवली, आणि विरेपर्यंत घातली.