वणीच्या रस्त्यावरचा पंचनामा

काही बिनसलं की मामा आधी दोन्ही तळवे वर करायचे आणि म्हणायचे, "थांबा. आधी चहा, मग पंचनामा."

अंबडच्या आमच्या कंपनीत ते स्टोअर सांभाळत. सगळे त्यांना मामा म्हणत, त्यांच्याहून वयानं मोठे असलेले मॅनेजरसुद्धा. मखमलाबादला त्यांची फुलशेती होती. पहाटे आपल्या छोट्या टेम्पोतून झेंडू-शेवंती बाजारात टाकायची आणि तोच टेम्पो घेऊन ड्यूटीवर हजर व्हायचं, असा त्यांचा क्रम. कंपनीच्या पार्किंगमध्ये ग्रीसच्या वासात मधेच फुलांचा वास आला की समजावं, इथे मामांची जागा.

एकदा आमच्याकडे तयार मालाचा अख्खा ढीग कोसळला. दोन सुपरवायझर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मामांनी दोघांच्या हातात एकेक कप दिला. गरम कप हातात असताना माणसाला दुसऱ्याची कॉलर धरता येत नाही, हे त्यांचं साधं गणित. चहा संपेस्तोवर दोघं मुकाट्यानं माल गोळा करायला लागले होते. तुमच्याही ओळखीत असा एखादा चहाबाज असेलच. आमच्या मामांचं वैशिष्ट्य एवढंच, की चहा दर वेळी झाला आणि पंचनामा कधीच झाला नाही.

मला ते खरे कळले वणीच्या रस्त्यावर.

आम्ही जुनी का होईना, चारचाकी घेतली होती. घेतली ती बायकोसाठी. देवळाली कॅम्पातल्या शाळेत ती शिकवते. सिडकोतून दोन रिक्षा बदलून जाता-येता तिचा जीव मेटाकुटीला यायचा. ती हौसेनं गाडी शिकली, लायसन्स काढलं. माझ्या आईला मात्र ते मुळीच पसंत नव्हतं. "बाईमाणसानं स्टेअरिंग धरलं की मला धडकीच भरते," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तरी गाडीची पूजा सप्तशृंगीला करायची यावर दोघींचं एकमत झालं. अशी एकमतं आमच्या घरी क्वचितच होतात, म्हणून मी लगेच रजा टाकली.

दिंडोरीच्या पुढे गाडी बंद पडली. बायकोच चालवत होती. आईनं "तरी मी म्हणत होते" एवढंच म्हटलं, पण ते तीन वेळा म्हटलं. मी मामांना फोन लावला. मामा टेम्पो घेऊन आले, बॉनेट उघडून बघितलं आणि म्हणाले, "हे आपल्याच्यानं व्हायचं नाय. पुढं गॅरेज हे, तिथवर ओढून नेऊ." दोरानं गाडी टेम्पोला बांधली. बायको दोर नीट बसला का ते बघून आली आणि स्टेअरिंगवर बसली. आई मागच्या सीटवर, पूजेची टोपली मांडीवर घेऊन. मी मामांशेजारी.

सरळ रस्त्यावर सगळं ठीक चाललं होतं. पहिलं वळण आलं. टेम्पो वळला आणि मागून बायकोची किंकाळी ऐकू आली, "वळत नाहीये!" दोर ताणला, तुटला, आणि आमची गाडी सरळ रस्ता सोडून द्राक्षबागेच्या कडेला रचलेल्या रिकाम्या कॅरेटांच्या थप्पीत घुसली. प्लॅस्टिकची कॅरेटं चहूकडे उडाली.

कुणाला खरचटलंही नव्हतं. पण पुढचा दिवा फुटला होता, बंपर लोंबत होता, आणि बायको दार उघडून खाली उतरली. आई उतरली ती बोलतच. "नाही जमत तर कशाला बसायचं! देवीच्या वाटेवर मारलं असतं आम्हाला!" तेवढ्यात बागेचा मालक धावत आला. "दिसतं का नाय तुम्हाला? लय शाणे हाय तुम्ही शहरातले! कॅरेटांचा पार भुगा केला!"

बायको ओढणीत हात गुंडाळून उभी होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी फिरवत होते हो. फिरतच नव्हतं." मग हळूच, "ही गाडी विकून टाका. मी पुन्हा बसणार नाही." तिचा आवाज ऐकून मला कळलं, ही नुसती घाबरलेली नाही. तिचा स्वतःवरचा भरवसाच गेला होता.

मामांनी दोन्ही तळवे वर केले. "थांबा. आधी चहा, मग पंचनामा."

"कुठला चहा?" बागवाला ओरडला.

"तुमच्याकडचा," मामा म्हणाले. "आम्ही पावणे नाय का? आपटून आलो म्हणून काय झालं?"

काय सांगू, त्या माणसाला हसू आलं! घराकडे तोंड करून त्यानं चहाची हाळी दिली.

चहा होईपर्यंत मामा गाडीभोवती फिरले, खिडकीतून आत वाकले आणि परत येऊन आईशेजारी बांधावर बसले. चहा संपल्यावर अगदी सहज म्हणाले, "आई, गाडीची चावी देवीच्या सामानात हे का हो?"

आईनं टोपलीतला नारळ उचलला. खाली खणावर हळद-कुंकवाशेजारी चावी ठेवलेली.

"देवीच्या पायाला लावायची म्हणून..." आई म्हणाली. "मघाशी ही दोर बघायला उतरली, तेव्हा मी काढून घेतली. म्हटलं, गाडी तर आता बांधलेलीच आहे. चावीचं काय काम?"

चावी काढली की थोडं वळवताच स्टेअरिंग कुलूप लागल्यासारखं अडकतं, हे आईला कुणी सांगणार? आईचा चेहरा एवढासा झाला. बायकोच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मी तोंड उघडणार तोच मामांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"बरोबरे तुमचं, आई," ते म्हणाले. "चावी देवीच्या पायाला लागलीच पायजे. गाडी ओढायच्या आधी सगळं बघून घ्यायचं काम माझं. मीच नाय बघितलं. झाला पंचनामा, उठा."

बागवाल्यानंच जाडजूड दोर आणून दिला. आम्ही सगळ्यांनी मिळून गाडी रस्त्यावर ढकलली. मी स्टेअरिंगकडे निघालो तर मामा म्हणाले, "तुम्ही नाय साहेब. ताई बसतील."

"मला नाही जमणार, मामा."

"तुमच्याकडून चुकलं असतं तर मी तुम्हाला बसा म्हटलं नसतं. बसा. मी हळू घेतो."

ती जागची हलेना. मामांनी आग्रह केला नाही, समजूत घातली नाही, नुसते थांबून राहिले. हलली ती माझी आई. तिनं स्वतःच्या हातानं चावी गाडीला लावली, टोपली मागं ठेवली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. "चल गं," ती म्हणाली, "मी बसले आहे ना तुझ्याजवळ." त्या क्षणी मला माझ्या आईचा जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता.

गॅरेजात गाडी सुरू झाली आणि लोंबत्या बंपरनिशी बायकोनंच ती वणीपर्यंत नेली. मामांनी टेम्पोतल्या उरल्यासुरल्या शेवंतीचा हार करून तो नेमका फुटलेल्या दिव्यावर घातला. सोमवारी बायको शाळेत गाडीनंच गेली. आता द्वारका चौकाच्या गर्दीतून ती अशी वाट काढते, की शेजारी बसून मीच डोळे मिटतो.

गेल्या वर्षी मामा गेले. स्टोअरमध्ये बसल्याबसल्याच छातीत कळ आली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मखमलाबादला गेलो. दसरा तोंडावर आलेला. मजुरांनी झेंडू तोडून टेम्पोत भरून ठेवला होता आणि मामी ओट्यावरून त्याच्याकडे नुसत्या बघत होत्या. टेम्पो चालवणारे घरात एकटे मामाच. ते गेल्यावर ठरवलेला भाड्याचा ड्रायव्हर ऐनवेळी फिरकला नव्हता. "वाळून जाईल सगळं," मामी म्हणाल्या. "त्यांनी लावलेला शेवटचा झेंडू हाय."

बायकोनं ओढणी कमरेला खोचली. "मामी, चला. मला बाजाराचा रस्ता दाखवा."

ती टेम्पोत चढली. तिचे पाय पेडलला पोचेनात. मामांची सीट तिनं पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला वळवून घेतला. मामी डोळे पुसत शेजारी बसल्या. टेम्पो अंगणातून बाहेर वळायला लागला तशी माझ्या शेजारी उभी असलेली आई दोन पावलं पुढे झाली. मला वाटलं, ही आता सावकाश जा म्हणणार.

"जरा जोरात घे गं!" आई ओरडली. "बाजार उठायच्या आत पोच!"