मास्तरांचं वाढलं

आभार मानण्यासारखं दमवणारं काम जगात दुसरं नाही.

मी ठाण्याच्या मराठी शाळेत मास्तर. पोरांकडून पावकी-निमकीचे पाढे घोकून घेताना घसा बसायचा, पण कधी इतका दमलो नाही, जेवढा त्या वर्षी चैत्रात कोलशेतचे उंबरे झिजवताना दमलो. दिसेल त्याला हात जोडायचे, पाट मिळाला की बसायचं, गूळपाणी घ्यायचं, आणि म्हणायचं, "तुम्ही नसता तर माझी गाडी जागेवरून हलली नसती." वाक्य एकच, पण घरं काही संपेनात. इतक्या लोकांनी मिळून एक बैलगाडी दुरुस्त केल्याचं मी तरी कुठं ऐकलेलं नाही.

कोलशेत ही माझी सासुरवाडी. सासरेबुवांची खाडीकाठी मिठागरं होती, गावात वाडा होता, कानाला दडे बसलेले होते (तोफ उडाली तरी "कोण आलंय बघा गं दारात" म्हणायचे), आणि गोठ्यात गुलाब होता. गुलाब म्हणजे बैल. पांढराशुभ्र, नाकपुडी तेवढी गुलाबी. आमच्या मंडळींनी त्याला वासरू असल्यापासून हाताने भाकरी चारून वाढवलेला. सासरेबुवांचे गुडघे धरले, तेव्हा त्यांनी ठरवलं, की गुलाब आता एका जावयाला देऊन टाकावा.

जावई दोन. धाकटा मी. थोरले डोंबिवलीचे, गवताचे व्यापारी. डोंबिवलीहून कल्याणला गवताच्या गाड्या नेणं हा त्यांचा धंदा, त्यामुळे बैल दिसला की त्यांना लगेच त्याच्यामागे गवत दिसायचं. आम्ही दोघांनीही गुलाबवर हक्क सांगितला. (म्हणजे त्यांनी सांगितला. मी घरातून ढकलला गेलो.) सासरेबुवा म्हणाले, "तंटा नको. पाडव्याला दोघं आपापल्या दमण्या पळवा. ढोकाळीच्या पिंपळापासून सुटायचं, खाडीच्या बांधावर यायचं. आधी येईल त्याचा गुलाब."

दमणी म्हणजे चार माणसांनी बसून लग्नाला वगैरे जायची हलकी बैलगाडी. माझ्याकडे तीही नव्हती.

"अहो, त्याला गवताच्या गाडीला जुंपतील हो!" मंडळींनी त्या रात्री पानावरून हात मागे घेतला. "कसाऱ्यापर्यंत ओढायला लावतील त्याला!"

"कसाऱ्याला कशाला नेतील? कल्याणपर्यंतच तर..."

"तुम्हाला काय त्याचं! तुम्हाला कुठं ओढायचंय?"

"अगं पण मला गाडी कुठं हाकता येते?"

"मग शिका! पोरांना सांगता ना, घोकलं की येतं म्हणून!"

मी घोकलं. शेजारच्या नानांची दमणी आणि बैल मागून आणले. महिनाभर रोज शाळा सुटली, की टेंभीच्या मोकळ्या मैदानात गरगर फिरायचो. नानांचे बैल इतके शहाणे, की मी डावीकडे ओढलं की ते विचार करायचे आणि उजवीकडे जायचे. विद्यार्थी झाडाखाली बसून बघायचे. शिक्षकाचा मान म्हणून जी काही चीज असते, ती त्या महिन्यात मैदानातच सांडली.

त्यातच पाडव्यासाठी कल्याणहून आत्या आली! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! आत्याचं सगळं आयुष्य शकुन-अपशकुनांच्या पहाऱ्यावर गेलेलं. आमच्याकडे दिवा विझत नाही, 'वाढतो'. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. नारळ तर सगळेच वाढवतात. पण आत्यापुढे लोटा फुटला, माठ फुटला, पंचा फाटला, तरी सगळं वाढतच असे. एकदा माझा दात पडला, तर तिने शेजारणीला सांगितलं, "बाळूचा दात वाढला." शेजारीण बिचारी बघायला आली.

पाडव्याच्या दिवशी मंडळी सकाळीच पुढे माहेरी गेल्या, आणि आत्या सरळ दमणीत चढून बसली.

"आत्या, अगं शर्यत आहे! ओझं होईल!"

"साडेतीन मुहूर्तांतला दिवस, बाळू. रिकामी गाडी हाकू नये. आणि आज 'मोडलं', 'तुटलं' असलं काही तोंडातून काढलंस, तर बघ!"

पिंपळाखाली सासऱ्यांच्या मिठागरावरचा चांग्या उभा होता. घोट्यांपर्यंत मिठाने पांढरा झालेला, अंगाने आडवा, आणि मदतीची अशी हौस, की शिंक आली तरी पाठ थोपटायला धावायचा. चाकांना वंगण घालून म्हणाला, "मास्तर, गारी तयार हाय! घाटावं चरली तरी परायची नाय!" (खाडीकाठच्या आगरी बोलीत आपल्या ड-ढचा र होतो. गाडीची गारी, चढलीची चरली, पडायचीची परायची. आणि 'झालं'चं 'झाला'. ऐकायला गोड वाटतं. मलाही वाटायचं, तोपर्यंत.)

कुणीतरी "हाऽऽ!" केलं, आणि थोरल्यांची दमणी सुटली. आमचे बैल विचार करू लागले. आत्याने मागून छत्रीचा दांडा टोचला, तेव्हा एकदम असे उधळले, की मी काही हाकलंच नाही, नुसता धरून बसलो. थोरले पुढे धूळ उडवत गेले. आम्ही ती धूळ खात मागे. अर्धी वाट गेली असेल. डावीकडे एक दगड दिसला. मी उजवीकडे ओढलं. बैलांनी विचार केला.

कडाड!

जुवापासून गाडीपर्यंत येणारी लांब दांडी मधोमध गेली. बैल पुढे, गाडी मागे, आणि मी मध्ये, धुळीत. चांग्या मागून पळतच येत होता. "काय झाला, मास्तर?"

"अरे, दांडी मो..."

"बाळू!" आत्या किंचाळली.

मी जीभ चावली. मग आत्याने सूत्रं हाती घेतली. "चांग्या, वाड्यावर पळ. म्हणावं, मास्तरांचं वाढलं."

"काय वारला?"

"ते बोलायचं नाही आज. नाव घेतलं की आणखी वाढतं. नुसतं म्हण, मास्तरांचं वाढलं; चार माणसं, दोर आणि बांबू घेऊन लगेच या."

"आत्ता जातू न येतू!" चांग्या सुटला. त्या दिवशीच्या शर्यतीत खरं जर कुणी पळालं असेल, तर तो.

इकडे ऊन तापलेलं. बैल बाभळीला बांधले. माझं अंग ठणकत होतं. बाभळीच्या सावलीत आडवा झालो, माशा नकोत म्हणून उपरणं तोंडावर ओढून घेतलं. आत्या उशाशी बसून पदराने वारा घालता घालता पेंगत होती. डोळा लागला तेव्हा मनात एकच विचार होता. गेला गुलाब. घरी काय तोंड दाखवायचं?

तिकडे चांग्या वाड्याच्या अंगणात पोचला. धाप लागलेली, बोल अर्धे गिळलेले. ओट्यावर सासूबाई. चांग्या ओरडला, "मास्तरांचा वारला! चार मानसा, दोर न बांबू घेऊन चला लगेच!"

पेशवाईत 'ध'चा 'मा' झाला म्हणतात. कोलशेतला 'ढ'चा 'र' झाला.

सासूबाईंनी हंबरडा फोडला. आळी गोळा झाली. मागे कुणीच नाही बघून थोरले वाटेत पान खायला थांबले होते, त्यांची दमणी त्याच वेळी वाड्यावरून पुढे बांधाकडे निघाली होती. आकांत ऐकून त्यांनी गाडी थांबवली, बातमी ऐकली, मटकन खाली बसले, आणि म्हणाले, "बैल सोडा रे. आता कसली शर्यत!" पाडव्याच्या दिवशी तिरडीला बांबू आणायचा कुठून? तर सासऱ्यांच्या दारातली गुढीच उतरवली. पितळेचा गडू बाजूला, रेशमी खण बाजूला, बांबू खांद्यावर, की निघाले. (सासरेबुवा बांधावर गुलाबची दोरी धरून शांत बसले होते. त्यांना हा आकांत ऐकू जाणं शक्यच नव्हतं.)

मला जाग आली ती रडण्याने. उपरण्यातून कानावर आलं, "लाख माणूस होता हो!" आवाज थोरल्यांचा! "गाडी हाकता येत नव्हती, तरी कसा हट्टाने उतरला! मीच घालवला त्याला! तो बैल घ्या म्हणावं, हजार बैल घ्या, पण उठा मास्तर!"

आता कुणी एवढा आग्रह केल्यावर काय करणार? उठलो.

पुढचं फार सांगत नाही. पळापळ झाली. दोघं वाटेकडेच्या मिठागराच्या पाण्यात पडले. थोरले मात्र जागचे हलले नाहीत. आधी हात लावून बघितलं, मग मला असं मिठीत घेतलं, की वाचलेल्या बरगड्याही वाढायच्या! मला खरंच भरून आलं. दहा वर्षांत हा माणूस माझ्याशी गवताच्या भावाखेरीज काही बोलला नव्हता, आणि माझ्यासाठी पोरासारखा रडत होता.

"मग वारला तरी कोन?" एकजण चांग्यावर ओरडला.

"मी कदी सांगतला मास्तर वारला? मास्तरांचा वारला सांगतला! ही बग दांडी!"

सगळे दांडीकडे बघत राहिले. मग खांद्यावरच्या बांबूकडे. मग हातातल्या दोराकडे. माणसं काम करायच्या तयारीने आलेली, सामान हातात, आणि काम तर रद्द झालेलं. अशा वेळी माणूस फार मोकळा होतो. सगळा जमाव दांडीवर तुटून पडला. प्रत्येकाची रीत वेगळी. एकाने बांधलेलं दुसऱ्याने सोडलं, दुसऱ्याचं तिसऱ्याने. एकदा तर दांडीबरोबर माझं धोतरही बांधलं गेलं. शेवटची गाठ थोरल्यांनी स्वतः मारली, नाक ओढत. तिरडीला मारतात तशीच, घट्ट.

"थांबा!" आत्या कडाडली. "हा कसला बांबू म्हणायचा? कशासाठी आणलेला?"

सगळ्यांनी चांग्याकडे बघितलं. तिरडीचा म्हटलं तर ही बाई गाडीत बसणार नव्हती, आणि मलाही बसू देणार नव्हती.

"गुरीचा बांबू हाय, आत्याबाय," चांग्या म्हणाला. खोटं काहीच नव्हतं.

"गुढीचा?" आत्याचा चेहरा उजळला. "मग फारच शुभ!" आणि ती गाडीत चढून बसली.

बैल इतक्या रडारडीने बावरलेले. दोर हातात घेतो न घेतो तोच ते जे सुटले, ते गाव ओलांडून थेट खाडीच्या बांधावर. या खेपेला त्यांनी विचार केलाच नाही. सासरेबुवा दोरी धरून उभे राहिले.

"या जावईबापू! थोरले कुठं राहिले?"

मी कानाशी जाऊन ओरडलो, "मला पोचवायला आले होते! मागून चालत येताहेत!"

"पोचवायला? बरं बरं!" म्हणाले, आणि गुलाबची दोरी माझ्या हातात दिली.

थोरले धापा टाकत आले तेव्हा बरंच बोलले. मघाचं प्रेम ओसरलं होतं. "हा न्याय नाही! ते झोपले होते, मी रडत बसलो म्हणून मागं राहिलो!" एवढं मात्र सासरेबुवांना नेमकं ऐकू आलं.

"हे बघा," ते म्हणाले, "रडीचा डाव आपल्याला चालायचा नाही."

गुलाबला घेऊन मी वाड्यावर गेलो. दारात मंडळी उभ्या होत्या, डोळे रडून सुजलेले. माझ्याकडे एकदा बघितलं, आणि धावत येऊन गुलाबच्या गळ्याला मिठी मारून हुंदके द्यायला लागल्या. मी समजून घेतलं. चारचौघांत, वडीलधाऱ्यांपुढे, बाईने नवऱ्याच्या गळ्यात कसं पडावं? बैलाच्या गळ्यात पडून नवऱ्याला पावती द्यायची, हीच आपली खानदानी रीत! माझेही डोळे ओले झाले.

दुसऱ्या दिवसापासून आभार सुरू झाले. मी म्हणायचो, "तुम्ही धावून आलात, उपकार झाले." लोक म्हणायचे, "छे हो, उपकार कसले! आज ना उद्या करायचंच आहे." एकाने तर खांद्यावर हात ठेवून धीर दिला, की बांबू बेतून आणला होता, अजून चालेल. चांग्या सगळ्यात मोठ्या मनाचा. "आभार कसलं, मास्तर! परत कदी वारलाव तं निस्ती हाक मारा!"

सगळ्यांत शेवटी, पाय दुखून आलेले असताना, सासूबाईंपुढे बसलो. माणसं तर त्यांनीच धाडली होती. आभार मानले, पाणी प्यायलो, आणि कुणी नाहीसं बघून हळूच विचारलं, "बातमी आली तेव्हा... ही फार रडली का हो?"

"रडली ना!" सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "आवरेना हो पोर! सारखं आपलं एकच, 'आता गुलाब थोरल्यांकडे जाणार! आता गुलाब थोरल्यांकडे जाणार!'"

मी त्यांचे पुन्हा एकदा आभार मानले, आणि गुलाबला पेंड घालायला गेलो.