रुपचंद नानांनी ब्रिस्बेनचं घर वाटायला घेतलं

आमच्या अमळनेरात दोन भाऊ वेगळे निघायचे झाले की ते आधी वकिलाकडे जात नाहीत, रुपचंद नानांच्या ओट्यावर येऊन बसतात. नाना ना तलाठी, ना मोजणीदार. जन्मभर त्यांनी सरकी-ढेपेचं दुकान चालवलं. पण वाटणी करावी तर त्यांनीच, असा त्यांचा लौकिक पारोळ्यापासून चोपड्यापर्यंत आहे, आणि तो लौकिक नानांना स्वतःला जरा जास्तच ठाऊक आहे.

त्यांची पद्धत ठरलेली. जमीन पायांनी फिरल्याशिवाय वाटा पाडायचा नाही. वाटे मोठ्यानं करायचे आणि आधी उचलायचा धाकट्यानं, म्हणजे मोठा झक मारत प्रामाणिक होतो. आणि काहीतरी एक सामाईक ठेवायचंच. विहीर, बांधावरचा आंबा, अगदीच काही नसलं तर खळ्याकडे जाणारी वाट. पाण्याची पाळी ठरवायला तरी भाऊ एकमेकांशी बोलतील, हा त्यामागचा हिशेब. मी, त्यांचा शेजारी, एकदा म्हटलं, "नाना, त्या विहिरींवर भाऊ बोलत नाहीत, भांडतात." यावर नाना शांतपणे म्हणाले, "भांडन म्हंजे बोलनंच शे ना."

चौथी गोष्ट, पंच कुणाचा नसतो. नानांच्या तोंडी हे वाक्य इतकं बसलं होतं की कमलबाई, म्हणजे त्यांच्या घरच्या, भाजी कशी झाली हे विचारायचंसुद्धा टाळायच्या. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय नाना मेथीलादेखील चांगलं म्हणत नसत.

तर अशा या नानांची एकुलती लेक पुनम संक्रांतीच्या सुमारास ऑस्ट्रेलियाहून एकटीच आली. आली ती राहिलीच. नवरा नवल, धुळ्याच्या देवपुरातला, नानांनी स्वतः पारखून आणलेला जावई. ब्रिस्बेनला तो कॉम्प्युटरच्या नोकरीत आणि पुनम एका वृद्धाश्रमात नर्स. मूलबाळ नाही. दोघांनी काडीमोड घ्यायचं ठरवलं होतं, त्यावर दोघांचं एकमतही होतं. नवराबायकोचं इतकं एकमत संसारात क्वचितच होतं.

अडलं होतं ते घरापाशी. दोघांच्या पगारातून ब्रिस्बेनला घर घेतलेलं, त्याचं कर्ज अजून डोक्यावर. शिवाय तिथल्या बँकेतली शिल्लक आणि देवपुरात एक प्लॉट. जळगावच्या वकिलानं स्पष्ट सांगितलं, "काडीमोड इथल्या कोर्टात होईल, पण इथल्या हुकमानं तिथलं घर वाटता येत नाही. तुम्ही आपसात ठरवून आणा, मग दोन्हीकडचे कागद करू." हे ऐकून नवलनं फोनवर सांगितलं, "नाना जे ठरवतील ते मला मान्य."

गल्लीला याचं केवढं कौतुक! काडीमोडात सासऱ्यालाच पंच नेमणारा जावई खानदेशात दुसरा सापडणार नाही, असं जो तो म्हणू लागला. नानांची तर छाती फुगली. पुनम मात्र उठून आत गेली.

आता खरं सांगतो, नानांना घर वाटायचंच नव्हतं. त्यांना लेकीचा संसार वाचवायचा होता. त्यांच्या वाटण्या इतक्या रेंगाळतात की काही भाऊ कंटाळून पुन्हा एका चुलीवर जेवू लागतात, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तेच इथे जमलं तर उत्तम. नाहीच जमलं, तर निदान काहीतरी एक सामाईक ठेवायचं, म्हणजे पोरांचं बोलणं तुटणार नाही. नवलवर त्यांचा जीव होता, हेही खरं.

नवलनं पहिल्याच आठवड्यात दोन वाटे करून पाठवले. एका वाट्यात घर आणि त्याचं कर्ज, दुसऱ्यात बँकेतली शिल्लक आणि देवपूरचा प्लॉट. वयानं तो मोठा, म्हणून वाटे त्यानं केले, उचलायचे पुनमनं. ती म्हणाली, "मला कुठलाही चालेल." पण नाना असे ऐकतात होय? ते म्हणाले, "जमीन देख्याबिगर वाटा नही." ब्रिस्बेनची जमीन अमळनेरात बसून देखायची कशी, तर माझ्या मोबाइलवर. माझ्या मोबाइलचा पडदा मोठा, म्हणून रविवारी सकाळी मला बोलावणं आलं. मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवला. एका बाजूला पुनम, एका बाजूला कमलबाई आणि मधोमध, टोपी घालून, पंच.

इकडे सकाळचा चहा, तिकडे टळटळीत दुपार. नवल हातात फोन धरून घरभर फिरू लागला आणि नाना त्याला शेतात फिरवावं तसं फिरवू लागले. विहीर कोठे शे? विहीर नाही, नळ आहे. शेजारी कोन शे? एक ग्रीक म्हातारा. त्याची हद्दीवरून काही कटकट? नाही, तो टोमॅटो देतो. इथवर ठीक चाललं होतं. मग नवल सहज बोलून गेला की तिकडे दुपारचं ऊन उत्तरेकडून येतं. नाना एकदम सावध झाले. जिथं सूर्यच सरळ चालत नाही तिथल्या घराची किंमत काय म्हणून लावायची, असा भाव त्यांच्या चेहऱ्यावर आला, आणि हे घर कर्जासकट कमी धरावं लागेल असं ते मला हळूच म्हणाले.

पुढे निघाली सुपरची गोष्ट. तिकडे पगारातून म्हातारपणासाठी पैसे कापून ठेवतात, त्याला सुपर म्हणतात, आणि काडीमोडात त्याचीही वाटणी होऊ शकते, असं नवलनं समजावलं.

"म्हातारपन बी वाटतस का तठे?" नानांनी विचारलं.

मग परसदार आलं. तिथल्या पत्र्याच्या खोलीत गवत कापायचं यंत्र होतं. ते पाहून नानांचे डोळे चमकले. विहीर नाही, आंबा नाही, पण हे तर आहे! यंत्र सामाईक ठेवू, असा त्यांनी तोडगा काढला. अमळनेरात बसलेल्या बाईनं ब्रिस्बेनच्या यंत्राची पाळी कशी लावायची, हे त्यांनी सांगितलं नाही. नवल हसत म्हणाला, "चालेल, नाना." पुनम म्हणाली, "नको."

फेरी संपत आली तसा नानांनी त्यांचा शेवटचा प्रश्न काढला. हा ते प्रत्येक शिवारात विचारतात. दुपारची भाकरी कोण कुठे बसून खातो? ज्याची जागा जिथं, तिथला तुकडा शक्यतो त्याला द्यावा, कारण माणसाचा जीव तिथं असतो. नवलनं खिडकीजवळचं टेबल दाखवलं. जागा छान होती, उत्तरेचं ऊनही येत होतं.

"आनि पुनमनी जागा?"

नवलनं फोन पुन्हा त्याच टेबलाकडे वळवला. "इथेच की."

"पुनम, तू भाकर कोठे खास?" नानांनी लेकीकडे वळून विचारलं.

पुनम पोह्यांच्या डब्याकडे बघत म्हणाली, "गाडीत."

"गाडीमां?"

"ड्युटीवरून आले की घराबाहेर गाडी लावायची आणि डबा तिथेच खायचा. पाणी प्यायचं, थोडं बसायचं, मग आत जायचं. आत गेल्यावर काय निघेल याचा नेम नसायचा, नाना. चूक कुठलीही असो, माझीच. एकदा सुरू झालं की घास उतरायचा नाही."

"कव्हयपासून?"

"घर घेतलं तेव्हापासून."

पडद्यावर आता नुसतं छत दिसत होतं. नवलनं फोन खाली केला असावा. हे खोटं आहे, असं तो म्हणाला नाही. कमलबाईंनी पदर तोंडाला लावला. नानांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला.

"तू माले सांगं कसं नही?"

"तुम्हाला सांगितलं असतं," पुनम म्हणाली, "तर तुम्ही म्हणाला असता, थांब, नवलचंही ऐकून घेऊ."

ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. ती अगदी सरळ बोलली, आणि ते खरं होतं. त्या क्षणी मला नानांकडे बघवेना. त्यांनी पुढे वाकून, तिकडच्या छताला उद्देशून, हळू आवाजात सांगितलं, "नवल, दुसरा पंच देख. मी पोरना बाप शे."

पुढच्या रविवारी पारोळ्याचे रतिलालभाऊ पंच म्हणून आले. नानांच्याच हाताखाली तयार झालेले, म्हणजे तितकेच सावकाश. नाना पहिल्यांदाच मधली जागा सोडून कडेला, पुनमला खेटून बसले आणि मग त्यांनी जो पक्षपात केला त्याला तोड नाही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं ज्यांना ते जन्मभर हिणवत आले त्या सगळ्यांना त्यांनी एका सकाळीत मागे टाकलं. मागच्या आठवड्यात ज्या वाकड्या उन्हापायी घर कमी धरत होते, त्याच उन्हाची ते आता किंमत मागू लागले, कारण पुनमला ते घर नको होतं, ते नवलकडे जाणार होतं. कमलबाईंच्या सख्ख्या भावाच्या, मगनच्या वाटणीत त्यांनी बोटभर माती जास्त दिली नव्हती. कमलबाई मला म्हणाल्या, "मना भाऊना वखतले हाऊ मानूस कोठे व्हता?" पण म्हणताना त्या चहात साखर जरा जास्तच घालत होत्या.

शेवटी ठरलं. घर आणि कर्ज नवलला, शिल्लक पुनमला, आणि कर्ज वजा जाता घर शिलकीहून जेवढ्यानं जास्त भरेल त्याच्या निम्मी रक्कम नवलनं सुपरमधून भरून द्यायची. राहिला देवपूरचा प्लॉट. रतिलालभाऊ गुरूची शिकवण विसरले नव्हते. ते म्हणाले, "नाना, एवढा प्लॉट सामाईक राहू द्या. पोरांचं बोलणं-चालणं तरी राहील."

सगळे नानांकडे बघू लागले. नवल पडद्यावर वाट बघत होता. त्याला ते चाललं असतं, असं मला वाटतं. नानांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, नीट पाहिलं, जसं गाडी सुटताना माणसाकडे पाहतात.

"नही," ते म्हणाले. "सामाईक काहीच ठेवू नको."

पुनमनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं आणि माहेरी आल्यापासून ती पहिल्यांदा रडली. नाना एका हातानं तिला थोपटत होते, आणि दुसऱ्या हातानं डोळे पुसत रतिलालभाऊंना विचारत होते की गवत कापायचं यंत्र त्यांनी हिशेबात धरलं की नाही.