डावा कान

वितळत्या कथिलातून उठणाऱ्या राळेच्या धुराला एक कडवट-गोड वास असतो. देवघरातल्या धुपाशी त्याचे दूरचे नाते असावे, असे मला नेहमी वाटते. जालन्यातल्या रशीदभाईंच्या दुरुस्तीच्या दुकानात, माघातल्या त्या रविवारी दुपारी, तो वास काठोकाठ भरून राहिला होता. शटर अर्धे खाली ओढलेले, त्याखालून उन्हाची एक अरुंद पट्टी आत सरकलेली, आणि काचेच्या काउंटरवर अंथरलेल्या पांढऱ्या पंच्यावर बोटाच्या पेराएवढी चिमुकली यंत्रे मांडलेली. कानाच्या आत बसणारे जुने इअरफोन. ज्यांनी ते घडवले त्यांनीच ते बनवणे कधीचे थांबवले आहे. आता ते नव्याने कुठेच मिळत नाहीत.

दोन-तीन महिन्यांतून एकदा आम्ही असे जमतो. दुकानाचे मालक रशीदभाई, भोकरदनला औषधांचे दुकान चालवणाऱ्या सुनंदाताई, आणि परतूरच्या शाळेत भाषा शिकवणारा मी. जमून करायचे ते एवढेच, की एकमेकांचे जुने इअरफोन कानात घालायचे, डोळे मिटायचे आणि मग त्यांच्याविषयी, गेलेल्या माणसांविषयी बोलावे तसे हळुवार बोलायचे. परक्याला हे खूळच वाटेल. पण सुनंदाताई आपल्या फिक्या निळ्या जोडीविषयी सांगू लागल्या की खूळ वाटत नाही. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा एक तुकडा आईच्या कानात आणि एक आपल्या कानात घालून त्या दोघी रोज संध्याकाळी अभंग ऐकायच्या. "आवाज सायीवाणी मऊ होता बघा त्याचा," त्या म्हणाल्या, "आई गेल्यावर दोन्ही तुकडे एकदाच कानात घातले, तर गाणं लई मोठं वाटलं. सहनच होईना."

रशीदभाईंनी मान डोलावली. "आजकालचे समदे नुसते ढोल बडवतात, ताई. जुन्यांत गाणाऱ्यानं श्वास कुठं घेतला ते बराबर कळायचं."

त्या दिवशी आमच्यात एक चौथा माणूस होता. मिलिंद, वाटूरचा, माझा जुना मित्र. त्याच्याकडे असलेला इअरफोन रशीदभाई कित्येक वर्षे शोधत होते, आणि एका बेसावध क्षणी मी बोलून गेलो होतो की तो माझ्या मित्रापाशी आहे. मग रशीदभाईंनी धोशा लावला. मिलिंदला विचारताना मनात कुठेतरी वाटत होते की तो नाही म्हणेल. पण तो सहज हो म्हणाला, आणि माझ्याच मोटारसायकलवर मागे बसून आला.

त्याने खिशातून चष्म्याचे एक जुने घर काढले आणि उघडले. आत तांब्याच्या रंगाचे ते दोन तुकडे, वायर नीट वेटोळे करून ठेवलेली. अकरा वर्षांनी मी ते पाहत होतो, आणि पाहताच माझी नजर खाली गेली.

अकरा वर्षांपूर्वी मिलिंद आणि मी एकाच शाळेत शिक्षक होतो. तो गात असे. वाटूरच्या त्यांच्या वस्तीतल्या गायन पार्टीचा तो मुख्य गायक होता, आणि एप्रिलच्या धगधगत्या दिवसांत, जयंतीच्या मंचावर, त्याने बाबासाहेबांवरच्या गीताचा पहिला स्वर लावला की गर्दीतली कुजबुज आपोआप विरून जाई. त्या आवाजात उन्हात तापलेल्या मातीवर पाणी शिंपडावे तसे काहीतरी होते. एक वाफ, एक दरवळ. जुन्या गायकांच्या आवाजातली बारीकसारीक वळणे उमगावीत म्हणून त्याने ते इअरफोन घेतले होते. वायर कानामागून वळवून घालायची, प्रत्येक तुकडा आपापल्या कानाच्या वळणाने घडवलेला. डाव्याचा उजव्याला बसत नसे.

दिवाळीच्या सुट्टीला मी आष्टीला घरी निघालो तेव्हा त्याने आपण होऊन ते माझ्या हाती ठेवले. "आठ दिवस ऐक. मंग सांग मला, गाणं म्हणजे काय असतंय ते."

मी आठ दिवस ऐकले. कापसाच्या पांढऱ्या शेतांतून, पहाटेच्या धुक्यातून, तुरीच्या पिवळ्या फुलांमधून हिंडत ऐकले. आणि परतायच्या आदल्या दिवशी, विहिरीजवळच्या हौदावर तोंड धुवायला वाकलो, तेव्हा गळ्यात अडकवलेल्या वायरचा डावा तुकडा पाण्यात बुडाला. किती वेळ बुडून राहिला हे मला कळलेही नाही. उन्हात वाळवला, तांदळात पुरून ठेवला. उजवा पूर्वीसारखाच गात होता. डावा गोधडीच्या आडून कोणी बोलावे तसा दबून गेला होता.

परत देताना सांगायचे मी पक्के ठरवले होते. शाळेच्या व्हरांड्यात त्याने ते हौसेने कानात घातले, गाणे लावले, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्याने आवाज वाढवला. पुन्हा कमी केला. मग दोन्ही तुकडे काढून करंगळी डाव्या कानात घातली आणि जोरात हलवली.

"काय झालं?" मी विचारले. माझ्या आयुष्यातला सर्वांत खोटा प्रश्न.

"काही न्हाई," तो म्हणाला.

चार दिवसांनी त्यानेच विषय काढला. त्याच्या वडिलांनी उभे आयुष्य जिनिंगच्या कारखान्यात, सरकीच्या धुरळ्यात आणि यंत्रांच्या गर्जनेत काढले होते, आणि उतारवयात त्यांना पूर्ण बहिरेपण आले होते. "बाबाचाबी आधी डावाच कान गेल्ता," मिलिंद शांतपणे म्हणाला. "मलाबी तेच होऊन राह्यलं, दत्ता."

सांगण्याची ती दुसरी वेळ होती, आणि पहिलीपेक्षा ती कितीतरी अवघड झाली होती. आता इअरफोन बिघडवल्याचेच नव्हे, तर चार दिवस गप्प राहिल्याचेही सांगावे लागणार होते. मी म्हणालो, "डॉक्टरला दाखव ना." तो हसला. "बाबाला दाखवलंच होतं की. काय झालं मंग?" डॉक्टरांच्या तोंडून ते ऐकण्याची त्याला भीती वाटत होती, आणि मला, लाज वाटते सांगायला, त्याच्या त्या भीतीचा आधार वाटला.

भीती कानापेक्षा अधिक ऐकते. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये मंचावर तो गाताना सारखा डावा तळवा कानामागे धरू लागला. सूर सुटतो आहे असे त्याला वाटे. इतरांना तसे काही जाणवत नव्हते, पण त्याला वाटे. पुढच्या वर्षी त्याने माइक चुलतभावाच्या हाती दिला आणि स्वतः मागे, टाळ वाजवणाऱ्यांत जाऊन बसला. त्यानंतर तो गायला नाही. इअरफोन त्याने चष्म्याच्या घरात बंद करून टाकले. पुढे माझी बदली झाली, आणि अंतराला मी क्षमेसारखे वापरले.

आता रशीदभाईंनी ते तुकडे दोन्ही तळव्यांत पक्ष्याचे पिल्लू घ्यावे तसे घेतले. कानात घातले, डोळे मिटले. काही क्षणांत त्यांच्या कपाळावर आठी उमटली. त्यांनी डावा तुकडा काढला, भिंग डोळ्याला लावले आणि दिव्याखाली निरखून पाहू लागले.

"मिलिंदसर, पाणी गेलंय याच्यात. आतली जाळी बघा, हिरवी पडली. आताचं नाही हे, बिलकुल जुनं."

"पाणी?" मिलिंद म्हणाला. "माझ्याकडून तर कधी पाण्यात न्हाई पडले."

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि काउंटरची काच हलकेच किणकिणली. मिलिंदने माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित मी पुन्हा एखादा खोटा प्रश्न विचारला असता.

"माझ्याकडून पडले होते," मी म्हणालो. "आष्टीला. हौदात. तुला परत द्यायच्या आदल्या दिवशी."

सुनंदाताईंनी हातातला पेला हळूच खाली ठेवला. रशीदभाई भिंग पुसत राहिले. मिलिंदने विचारले ते एवढेच: "म्हणजे मी व्हरांड्यात कानात घातले, तव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

त्याने चष्म्याचे घर बंद केले. परतताना तो माझ्या मागेच बसला, कारण दुसरी सोय नव्हती. दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा फुलल्या होत्या. त्या वासाने एरवी मन कसे भरून येते, आणि त्या दिवशी तो श्वासात घेण्याचाही आपल्याला अधिकार नाही असे वाटत होते. वाटूर फाट्याला तो उतरला आणि वस्तीच्या वाटेने चालू लागला.

आठ दिवस त्याचा फोन नव्हता. नवव्या दिवशी आला. "शनिवारी जालन्याला चल. कान तपासायचाय. एकट्यानं जावं वाटंना."

तपासणीच्या खोलीला एक जाड काच होती. आत मिलिंद खुर्चीवर बसला, कानांवर मोठी यंत्रे चढवून. आवाज ऐकू आला की बोट वर करायचे, असे त्याला सांगितले होते. मी बाहेरच्या बाकावरून पाहत होतो. आधी उजवा कान झाला. मग डावा सुरू झाला, आणि तेव्हा माझ्या मनात जे आले ते एका माणसाखेरीज मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. मला वाटले, त्याचे बोट वर जाऊ नये. कान खरोखरच अधू निघावा. निघाला, तर त्याचे गाणे माझ्यामुळे गेले असे होणार नाही; ते त्याच्या वडिलांच्या रक्तातूनच जाणार होते, तुकडा हौदात पडो वा न पडो. मी मित्राच्या बहिरेपणाची प्रार्थना करत बसलो होतो, हात जोडले नव्हते इतकेच.

त्याचे बोट वर गेले. पुन्हा गेले. अगदी क्षीण आवाजालाही जात असावे, कारण तपासणाऱ्या बाई मान हलवून काहीतरी टिपत होत्या आणि हसत होत्या.

बाहेर येऊन त्यांनी कागद दाखवला. दोन रेषा, एकमेकींना लगटून चाललेल्या. "दोन्ही कान उत्तम आहेत. काळजीच करू नका." मिलिंदने कागदाची चौकोनी घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

दवाखान्याबाहेर निंबाच्या सावलीत आम्ही उभे राहिलो. पानगळ सुरू होती. एकेक पिवळे पान फिरत फिरत खाली येत होते.

"मी आत होतो तव्हा तू काय इचार करून राह्यल्ता?" त्याने एकदम विचारले.

सोपे उत्तर जिभेवर आले होते. कान चांगला निघावा म्हणून. कोणत्याही मित्राने हेच म्हटले असते, आणि त्यानेही ते मान्य केले असते.

"कान खराब निघावा असं वाटत होतं," मी म्हणालो. "म्हणजे मी सुटलो असतो."

रस्त्यापलीकडे कोणी उसाच्या रसाचे यंत्र चालू केले, त्याची घुंगरे वाजू लागली. त्या आवाजाकडे त्याने किंचित मान वळवली, डावीकडे, आणि मग तशीच वळलेली ठेवून म्हणाला,

"मलाबी तेच वाटत होतं, दत्ता. बोट वर करावं का न्हाई, दोनदा थांबलो मी. न्हाई केलं असतं तर अकरा वर्षं बाबाच्या नावावर गेली असती. आता ती कोणाच्या नावावर टाकू?"

माझ्या नावावर टाक, असे म्हणावेसे वाटले. पण तसे म्हणून त्याची वर्षे परत येणार नव्हती, आणि ते म्हणणेही पुन्हा मला हलके करण्यासाठीच झाले असते. आतापर्यंत मी माझ्या अपराधाला माझी एकट्याची मालमत्ता समजत आलो होतो, जपून, कुलूप लावून ठेवलेली. त्याच्या आत दुसराही एक माणूस इतकी वर्षे राहत होता, हे मला त्या सावलीत प्रथम दिसले.

"चल," तो म्हणाला, "ऊन चढून राह्यलं."