जावईबापूंचे शनिवार

आमच्या भावोजींना पंचांग लागत नसे. झोपेतून उठवून विचारलं तरी आज तिथी कोणती, भरती कधी भरेल आणि ओहोटी कधी लागेल, हे ते डोळे पुरते न उघडता सांगत. गावात कुणाकडे बारसं असो की बारावं, माणूस आधी आमच्या पडवीत येई, भावोजींना विचारी आणि मग भटजींकडे जाई. भटजींना याचा राग येई. पण त्यांची एकदा एकादशी चुकली होती आणि भावोजींची कधीच चुकली नव्हती, त्यामुळे त्यांना फार बोलता येत नसे.

हे ज्ञान त्यांनी हौसेनं मिळवलेलं नव्हतं. आमचं गाव खाडीकाठचं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला भातशेतं आणि समुद्राला अडवायला मातीचा बांध. पुनवेला आणि अवसेला उधाण येतं, तेव्हा बांधावर माणूस हवाच. खेकड्यानं पाडलेलं बोटभर भोक वेळेवर बुजवलं नाही तर तासाभरात तिथे खांड पडते, खारं पाणी आत शिरतं आणि मग तीन-चार वर्षं त्या जमिनीत भाताची काडी उगवत नाही. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आम्ही दोघी मुलीच. तेव्हा ताईच्या लग्नाच्या वेळी आबांनी जावई शोधला असं म्हणण्यापेक्षा बांधाला माणूस शोधला, असं म्हणणं खरं. म्हसळ्याच्या आतल्या अंगाला, नदीकाठच्या एका गावातला हा धाकटा मुलगा देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी आमच्याकडे घरजावई म्हणून आला. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सगळा देश सुटला आणि भावोजी तेवढे अडकले, असं पुढे मी ताईला चिडवत असे. तिला ते मुळीच आवडत नसे.

गाव त्यांना जावईबापू म्हणे. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायला कारकून आला तेव्हा त्यानं ताईला घरधन्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही म्हणून ताई आत पळाली. शेजारच्या काकांनी सांगितलं, जावईबापू. हे काय नाव झालं, असं कारकुनानं म्हटल्यावर काका विचारात पडले. आळीतल्या पाच-सहा जणांना विचारून झालं, कुणालाच सांगता येईना. शेवटी मी शाळेतून घरी आले आणि ‘नारायण’ हे नाव यादीत चढलं. संध्याकाळी भावोजी बांधावरून आल्यावर ही हकिकत आम्ही त्यांना हसत हसत सांगितली. तेही हसले. मग मला म्हणाले, “तुला ठाऊक हाय, लई झालं.”

दोन उधाणांच्या मधल्या पाण्याला आमच्याकडे भांगाचं पाणी म्हणतात. तेव्हा भरती बेताची असते. भावोजींना स्वतःच्या गावी जाता येई ते त्याच दिवसांत, आणि वाट दोन दिवसांची, त्यामुळे सगळी सुट्टी जाण्यायेण्यातच संपे. एका पावसाळ्यात त्यांच्या आईचं काही खरं नाही असा निरोप आला, तो नेमका चतुर्दशीला. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी भावोजींच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, तीन दिवस कळ काढा. भावोजींनी कळ काढली. पुढे कुणी विचारलं तर ते एवढंच सांगत, “आई पुनवेला गेली, मी पंचमीला पोचलो.” त्यात तक्रारीचा सूर नसे, आणि म्हणूनच मला आबांचा फार राग येई.

आमच्या घरात मासा म्हणजे खाडीचा. बोय, जिताडा, निवटी. नदीचा मासा म्हणजे बिनमिठाचं कालवण, असं आईचं ठाम मत. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात भावोजींनी बांबूच्या काठीला गळ बांधून गावाबाहेरच्या ओढ्यातून दहा-बारा मासे धरून आणले होते. आईनं टोपलीत डोकावून, हे कशावरचं औषध, असं विचारलं आणि मासे मांजरापुढे टाकले. मांजरानंसुद्धा हुंगून सोडले, असं ती पुढे ज्याला त्याला सांगे. ते साफ खोटं. मांजरानं सगळे खाल्ले होते, मी बघितलं होतं. भावोजींनी मात्र काठी माळ्यावर टाकली आणि पुढची दहा-अकरा वर्षं गळाचं नाव काढलं नाही. कुणी काढलं तर म्हणत, पोरपणीचं खूळ ते.

मी सातवीची फायनल पास झाले आणि काही वर्षांनी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी मला मास्तरीण म्हणून शाळा मिळाली. आमच्या घरापासून दोन-अडीच तासांची पायवाट. तरण्या मुलीनं एकटीनं राहायचं म्हणजे केवढा गहजब! पुष्कळ रडारड झाल्यावर आबांनी अट घातली, सोमवारी पहाटे भावोजींनी पोचवायचं आणि शनिवारी दुपारी आणायचं. भावोजींच्या गळ्यात आणखी एक काम पडलं, आणि मला त्यांची दया यायच्या ऐवजी नोकरी मिळाल्याचा आनंदच जास्त झाला.

शनिवारी शाळा सकाळची. भावोजी लवकर येत आणि शाळेमागच्या नदीच्या डोहाशी उकिडवे बसून राहत. पहिले तीन शनिवार ते नुसते पाण्याकडे बघत होते. चौथ्या शनिवारी बघते तर हातात नवी काठी, दोऱ्याला तरंगायला मोरपिसाचा देठ बांधलेला आणि शेजारी पानात गुंडाळलेली गांडुळं. मी राहत होते त्या घरच्या काकीच्या परसातून त्यांनी ती उकरून आणली होती. मी जवळ जाऊन उभी राहिले तेवढ्यात तो देठ बुडाला. वीतभर शिंगटी वर आली. पस्तिशीच्या त्या माणसानं काटे चुकवून ती अलगद गळावरून सोडवली. “हाताला आठवतंय गं,” ते म्हणाले. “मला वाटलं व्हतं, गेलं.”

त्या दिवसापासून भावोजींचे शनिवार निराळे झाले. घरी ज्यांच्या तोंडून हाय आणि न्हाय यापलीकडे शब्द फुटत नसे, ते डोहावर बोलायला लागले की थांबत नसत. खवली लगेच ओढते, वाम दोरा गुंडाळून बसते, मरळ आधी सगळा विचार करते आणि मग तोंड लावते. लहानपणी कुठल्या दगडावर बसायचो, आई कशी वरून हाका मारायची, सगळं मला सांगत. उधाणाच्या शनिवारी ते मला घेऊन धावत परतत. पण भांगाचं पाणी असलं की मासे काकीच्या चुलीवर शिजत, काकी, भावोजी आणि मी असे तिघं ते पडवीत बसून खात असू आणि मग सावकाश निघत असू. एकदा मी त्यांना विचारलं की मासा कधी लागणार, हे तुम्हाला तिथीवरून सांगता येत नाही का? ते म्हणाले, “नदीला तिथी नसते, मास्तरीण. म्हणून तर बसतो.”

त्या वर्षी अधिक श्रावण आला. अधिकात जावयाला बोलावून तेहतीस अनारशांचं वाण द्यायची चाल. आमचा जावई घरातच, तेव्हा आधीच्या प्रत्येक अधिकात आईनं, रोज ताटात वाढतेच आहे, असं म्हणून तो विषय मिटवला होता. या वेळी ताई हट्टाला पेटली. अनारसे झाले, पाट मांडला, दिवा लावला. आबांनी ताट पुढे केलं. भावोजींनी ताटाला हात लावला आणि खाली बघतच म्हणाले, “आबा, हे ऱ्हाऊ दे. मला गावाला जाऊ द्या. भावाला कोण न्हाय.”

त्यांच्या थोरल्या भावाला मूल नव्हतं आणि गुडघे धरले होते. नदीकाठची शेती ओस पडायला आली होती. ये आणि ताब्यात घे, असा त्याचा निरोप भावोजींनी चार महिने उरात ठेवला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं. अधिकात वाणाच्या ताटावर जावयानं मागितलं, त्याला नाही कसं म्हणायचं? आबा म्हणाले, दिवाळीनंतर जा, मी बांधाला गडी बघतो. मला नाचावंसं वाटलं. ताई मात्र त्या दिवशी जेवली नाही. आबांना सोडून, हे गाव सोडून ती कुठे राहिली नव्हती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्याच शनिवारी ते मला न्यायला आले. पाऊस चार दिवस उघडला होता, पाणी निवळलं होतं. एक मोठी मरळ त्यांना तीन आठवडे झुलवत होती आणि त्या दिवशी ती दोनदा वर आली. ऊन कलायला लागलं तेव्हा ते म्हणाले, आज तेरस, उद्या चवदस, परवा पुनव. उद्या गेलो तरी चालेल. शाळेला कुलूप लावायला म्हणून मी आत गेले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. चतुर्दशीचा क्षय होता. पौर्णिमा परवा नव्हती, उद्याच होती. एरवी सणावरून तरी कुणी आठवण केली असती, पण अधिकात सण कुठला? मी बाहेर आले. भावोजी दगडावर बसले होते आणि गुणगुणत होते. अकरा वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. घरी ताईचे सुजलेले डोळे आणि आबांचं मौन होतं, तिकडे मलाही जायचं नव्हतं. मी म्हटलं, काकीला भात टाकायला सांगते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मरळ लागली. ती ओल्या फडक्यात गुंडाळून आम्ही निघालो. गाव जवळ आलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते आणि बांधावर माणसं धावताना दिसत होती. खांड चांगली दहा हात रुंद झाली होती. सत्तरीचे आबा छातीभर पाण्यात उभे राहून पेंढ्याचे भारे दाबत होते. ताई आणि आई डोक्यावरून चिखलाच्या पाट्या वाहत होत्या. आतली कोवळी लावणी पाण्याखाली दिसेनाशी झाली होती. ताईनं आधी भावोजींच्या हातातल्या माशाकडे बघितलं आणि मग त्यांच्याकडे. त्यांनी मासा बांधावर ठेवला आणि पाण्यात उडी टाकली.

संध्याकाळी आबांनी विचारलं, “तिथी चुकलात?”

“चुकलो. क्षय ध्यानात न्हाय आला.”

मी उंबऱ्यात उभी होते आणि कॅलेंडर बघितल्याचं मी सांगितलं नाही. आबा म्हणाले, आता शेत गोडं होईपर्यंत जायचं नाव काढू नका. भावोजींनी मान हलवली. जमिनीतला खार धुऊन जायला पाच पावसाळे लागले. तेवढ्यात त्यांच्या भावानं शेती दुसऱ्याला लावली आणि एका हिवाळ्यात तो गेला. गावानं भावोजींना तिथी विचारणं सोडलं. बांध सोडून त्यांनी आता कुठे जायचं नाही असं ठरल्यामुळे माझी सोबत संपली. तोवर रस्ता झाला होता, मी एस.टी.नं एकटी येऊ-जाऊ लागले. एकटी प्रवास करणारी आमच्या गावातली पहिली बाई मी. लोक माझ्या धिटाईचं कौतुक करत आणि मला ते ऐकवत नसे. त्या घरातून मी सुटले ती त्यांना आणखी घट्ट बांधून.

आबा गेले त्या वर्षी मी हट्टानं भावोजींना एस.टी.त बसवून माझ्या शाळेवर नेलं. त्यांचे केस पांढरे झाले होते. काकीकडून काठी मागून घेतली, गळ मी बाजारातून आणून ठेवला होता. दगडावर बसून त्यांनी गळ पाण्यात टाकला. थोड्या वेळानं मी मनातलं सगळं बोलून टाकलं. मी त्या शनिवारी कॅलेंडर बघितलं होतं, रविवारी पुनव आहे हे मला माहीत होतं आणि तरी मी बोलले नाही.

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही. “तू भिंतीकडं बघितलंस, ते मी बघितलं व्हतं,” ते म्हणाले. “क्षय मलाबी ठाऊक व्हता. आठ दिस आधीपास्नं. बांध मी माझ्या हातानं लिंपला व्हता. एक दिस धरंल, वाटलं.”

 मग आबांपुढे चुकलो असं का म्हणालात, एवढंच मी विचारलं.

“तुझी ताई आत बसली व्हती,” ते म्हणाले. “विसरलेला नवरा तिला चालला. ठाऊक असून मागं ऱ्हायलेला न्हाय चालायचा. तिला कधी सांगू नको.”

मी तिथेच दगडावर बसून रडले. इतकं रडू मला आबा गेले तेव्हाही आलं नव्हतं. भावोजींनी फक्त गळ काढून घेतला, गांडूळ बदललं आणि पुन्हा पाण्यात टाकला. त्यानंतर जमेल त्या शनिवारी ते एकटे येत, संध्याकाळी परत जात. हे असं सात-आठ वर्षं चाललं.

भावोजी गेल्यावर ताई पुष्कळ वर्षं जगली. आल्यागेल्याला सांगायची, ह्यांच्यासारखा माणूस नाही, आयुष्यात एकदाच तिथी चुकली बिचाऱ्यांची. सांगून झालं की ती माझ्याकडे बघायची, आणि मी दर वेळी हो म्हणायची. गेल्या महिन्यात ताई गेली.