मुलुंड पश्चिमेतलं कतार

जगात कतार नावाचा देश नसता, तर माझ्या मावशीच्या यजमानांनी तो मुलुंड पश्चिमेला वसवला असता. काका तिथे अकरा वर्षं एका मॉलच्या एसीच्या मशिनरीवर कामाला होते. परत येऊन सहा वर्षं झाली, पण ते 'आमच्याकडे' म्हणतात तेव्हा कतार समजायचं, आणि 'तुमच्याकडे' म्हणतात तेव्हा मुलुंड, जिथल्या वीजबिलावर त्यांचंच नाव येतं.

मी इंग्रजी शाळेतली. मराठीत वाद घालायचा तर शब्द सापडेपर्यंत समोरच्याचा विषय बदललेला असतो, त्यामुळे काकांना माझ्याइतका चांगला श्रोता मिळाला नाही. "तीन बाजूंना समुद्र आणि चौथीकडे सौदी," ते सांगत. "म्हणजे आपली मुंबईच समज, फक्त ठाण्याच्या जागी सौदी." देशातली सगळ्यात उंच टेकडी त्यांच्या बिल्डिंगमागच्या नव्या टॉवरहून बुटकी आहे, हे ते अशा थाटात सांगतात की टॉवरवाल्यांना लाज वाटावी. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाणीकपातीचा विषय निघाला, तेव्हा काका उठले. आमच्याकडे एक नदी नाही, तरी समुद्राचं मीठ काढून चोवीस तास नळाला पाणी, वगैरे पंधरा मिनिटं. चेअरमन म्हणाले, "झकास. आधी मुलुंडला समुद्र आणा."

हवामान हा त्यांचा खास प्रांत. मे महिन्यात आम्ही सगळे पंख्याखाली आडवे असताना काका शर्टाचं वरचं बटण लावून बसतात. "ह्याला उन्हाळा म्हणता? आमच्याकडे वाऱ्याबरोबर वाळू आली की समोरची बिल्डिंग गायब!" इतिहासासाठी त्यांना कुणाचेही कान चालतात. एका लग्नात त्यांनी नवरीच्या आत्याच्या कुड्यांकडे बोट दाखवून सुरुवात केली. तेल सापडायच्या आधी आमचे पाणबुडे नाकाला चिमटा लावून खाली जायचे, मोती विकायला मुंबईत यायचे, मग जपान्यांनी मोत्यांची शेती काढली आणि आमची वाट लागली. आत्याबाई म्हणाल्या, "हे दादरचे आहेत हो."

पण सगळ्याचा कळस म्हणजे वाळूचे डोंगर. ते थेट समुद्रात उतरतात, आणि काका दर सुट्टीला त्यावरून घसरत पाण्यात जायचे. हे ऐकताना त्यांचा जावई भुवई वर करतो. मावशी रागावली तर चालते, पण जावयासमोर खोटं पडायची काकांना फार धास्ती.

मागच्या फेब्रुवारीत पवईच्या माझ्या ऑफिसने मला दहा दिवस दोह्याला पाठवलं. मावशीने काकांच्या जुन्या रूममेटसाठी भाजणी दिली. ती घ्यायला आलेल्या त्या गृहस्थांना मी डोंगरावरच्या सहलींबद्दल विचारलं, तर ते हसायला लागले. "तुमचे काका? अहो, शुक्रवारी आम्ही गाडी करून निघायचो आणि हे ओव्हरटाइमला तळघरात. लेकीची फी होती ना. तिथे मशीनपाशी गारठा इतका, की स्वेटर घालून असायचे. कतारचं ऊन त्यांनी बसच्या काचेतून बघितलंय."

खरं सांगते, मला आनंद झाला. सहा वर्षं ऐकून घेतलं होतं मी.

शुक्रवारी मी स्वतः ते डोंगर उतरून पाण्यात पाय बुडवून आले. परत आल्यावर रविवारी मावशीकडे जेवण होतं. जावई वाटच बघत होता. "आला, साक्षीदार आला! सांग गं, ते डोंगर, तो समुद्र, सासरेबुवांचं पोहणं. खरं काय आणि फेकाफेकी किती?"

काकांचा हात आमटीच्या वाटीत थांबला. भाजणी कुणाच्या हातात गेली होती, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्याकडे होतं.

"तसंच आहे," मी म्हटलं. "काका सांगतात त्याहून थोडं जास्तच."

"बघा!" मावशी म्हणाली. जावयाने निमूट श्रीखंड मागून घेतलं. आणि काका? दोन मिनिटांत त्यांना कंठ फुटला. "फेब्रुवारीत गेलीस ना, मग तू खरं कतार बघितलंसच कुठे!" मला माझ्या उत्तराचा पश्चात्ताप झाला.

निघताना ते मला खाली सोडायला आले. रिक्षा थांबवली, मी आत बसले, तरी दांडीवरचा त्यांचा हात निघेना.

"ते पाणी," ते हळूच म्हणाले, "गार असतं, की कोमट?"

"गार."

त्यांनी मान हलवली. मग रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने आत वाकले. "आणि उतरताना वाळूत पाय रुततो? किती?"

रिक्षावाला मीटरवर हात ठेवून थांबला होता. मी खाली उतरले, वाकले आणि माझ्या घोट्याच्या वर बोट ठेवलं.

"इथपर्यंत, काका."